मेसचा मेन्यू कविता का नाही?

आपल्या मेसच्या दाराशी लावलेला फळा सगळ्यांनी वाचलेला आहे. सोमवार पोहे, मंगळवार उपमा, बुधवार इडली, गुरुवार खिचडी. पुढचे वार तूर्त बाजूला ठेवा आणि हे चार शब्द वार वगळून सलग म्हणा. मनात नको, मोठ्याने. रूममेट बघत असेल तर बघू दे. पोहे उपमा, इडली खिचडी. पोहे उपमा, इडली खिचडी. तिसऱ्या वेळेला बोटं टेबलावर ठेका धरायला लागतात की नाही बघा.

याचं कारण अगदी हिशेबी आहे. मराठी छंदशास्त्रात ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा आणि दीर्घ अक्षराच्या दोन. 'पोहे' म्हणजे दोन अधिक दोन, चार. 'उपमा' म्हणजे एक, एक, दोन, पुन्हा चार. 'इडली' चार, 'खिचडी' चार. आठ-आठ मात्रांची दोन आवर्तनं, एकूण सोळा. या मापाच्या रचनेला 'पादाकुलक' असं भारदस्त नाव आहे आणि मराठीतल्या कितीतरी जुन्या कविता त्यात चपखल बसलेल्या आहेत. शुक्रवारचा शिरा तेवढा तीनच मात्रांचा, एक मात्रा कमी. (साखरही कमीच असते, पण तो विषय मेस कमिटीचा, मराठी विभागाचा नाही.)

थोडक्यात, आपला नाश्ता मात्रांच्या हिशेबात बिनचूक आहे. आणि तरी त्या फळ्याला कुणी कविता म्हणत नाही, म्हणूही नये. हे मी एवढं रंगवून सांगतोय त्याला कारण आहे.

या अंकासाठी एस.ई.च्या एका मुलाने मेसवर एक कविता दिली होती. ती परत गेली. संपादक मंडळात आम्ही सहा जण, निकाल चार विरुद्ध दोन. त्या दोनातला एक मी. परत गेलेल्या कागदावर लाल पेनने शेरा होता : 'वृत्त नाही, यमक नाही. ही कविता नसून यादी आहे.' अंक आता छपाईला चाललाय, तेव्हा निर्णय बदला असं मी म्हणणार नाही. पण तो शेरा मला अजिबात पटलेला नाही. तो एका कवितेपुरता राहणार नाही, हे त्याचं खरं दुखणं. असा शेरा एकदा पडला की पुढच्या वर्षी कुणी आपण रोज काय खातो, कुठे खातो यावर लिहायला धजत नाही. मग पुन्हा पाऊस, आई, मैत्री आणि 'कॉलेजचे ते दिवस' यांचीच कापणी. मंडळाने हा लेख मात्र छापायला घेतला, हा त्यांचा मोठेपणा. (की पानं भरायची होती?)

आता मुद्द्याकडे. खाण्यावरची कविता नुसती यादी असू शकते का? आणि असली तर ती फळ्यावरच्या यादीपेक्षा वेगळी कशाने होते?

आधी वृत्ताची बाजू घेतो, म्हणजे मी वृत्ताच्या विरोधात आहे असं कुणाला वाटायला नको. खाण्याविषयीची बहुतेकांना पाठ असलेली मराठी रचना म्हणजे जेवणाआधी हात जोडून म्हणायचा श्लोक. शाळेत डबा उघडायच्या आधी आपण तो घाईघाईत म्हणून टाकायचो. तो मालिनी वृत्तात आहे. मालिनीची ओळ पंधरा अक्षरांची. तिची सुरुवात सलग सहा लघू अक्षरांनी होते, मग लागोपाठ तीन गुरू, आणि त्यानंतर लघु-गुरु-गुरु असं दोनदा. आता श्लोक मनात म्हणून बघा. पहिली सहा अक्षरं पळत सुटतात. डबा उघडलाय, वास आलाय, हात पुढे गेलाय. आणि तेवढ्यात तीन गुरू अक्षरं येऊन ब्रेक लावतात. श्लोक सांगतो तेही हेच आहे, घास घेताना जरा थांब आणि देवाचं नाव घे. थांबवायचं काम अर्थाच्या आधी वृत्तानेच करून टाकलंय, आणि तेही प्रत्येक ओळीत. कवीने हे ठरवून केलं की आपोआप झालं हा वाद मराठीच्या प्राध्यापकांनी घालावा. कानाला ते कळतं, एवढं मला पुरे.

फळ्यावरच्या सोळा मात्रा असं काहीच करत नाहीत. लोड न लावलेली मोटर जशी मजेत फिरते, आवाजही करते, पण उचलत काहीच नाही, तसं ते आहे. पोह्यांनंतर उपमा येतो तो मंगळवार उजाडला म्हणून, कानाला काही हवं होतं म्हणून नव्हे. तेव्हा एखाद्या रचनेत वृत्त सापडलं किंवा नाही सापडलं यावर मी कवितेचा निकाल लावणार नाही. मी बघणार ते एवढंच, की आवाज काही उचलतोय का.

आता अशी एक यादी घेतो जिच्यात वृत्त नाही, यमक नाही, आणि जी निर्विवाद कविता आहे.

अरुण कोलटकर हे नाव आपल्याकडे बहुतेकांनी 'जेजुरी'मुळे ऐकलेलं असतं. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण चित्रकलेचं, पोटापाण्याचा धंदा जाहिरातींचा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत त्यांनी आयुष्यभर कविता लिहिली. इंग्रजी 'जेजुरी' 1976 ला पुस्तकरूपात आली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. मराठी 'अरुण कोलटकरच्या कविता' 1977 ची. मग बरीच वर्षं पुस्तक नाही, आणि शेवटी एकदम धबधबा : 2003 मध्ये 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही', 2004 मध्ये इंग्रजी 'काळा घोडा पोएम्स'. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. काळा घोडा म्हणजे मुंबईच्या फोर्टमधला चौक. ज्याच्यामुळे हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्येच तिथून हलवला, तो राणीच्या बागेत आहे. (2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, बिनस्वाराचा.) या चौकातल्या वेसाइड इन नावाच्या हॉटेलात कोलटकर वर्षानुवर्षं बसायचे आणि खिडकीतून फुटपाथवरची माणसं, कुत्री, कावळे, कचरा बघायचे. ते हॉटेल पुढे बंद झालं. पुस्तक मात्र त्या खिडकीतून लिहिल्यासारखं आहे.

त्यात एक लांबलचक, तुकड्यातुकड्यांची कविता आहे, 'ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा'. घड्याळापासून सुरू होते. सकाळच्या नाश्त्याची वेळ. त्या घटकेला मुंबईत कुठे काय खाल्लं जातंय, इतकंच काय जगात इतरत्र काय चाललंय, तिथपर्यंत कविता हिंडून येते. तिच्यात एका ठिकाणी मुंबईतल्या हॉटेलांची सरळसोट यादी येते. पदार्थ आणि हॉटेल, पदार्थ आणि हॉटेल. उपमा नाही (म्हणजे अलंकारातली नाही, खायचा आहे), रूपक नाही, कवीचं भाष्य नाही. आमच्या मंडळापुढे आली असती तर लाल पेनाचा धनी झाली असती.

कॉपीराइटचा मान राखून मी ओळी इथे उतरवत नाही. पुस्तक मिळवा आणि वाचा. पण तिची घडण सांगतो.

बारा पदार्थ, बारा हॉटेलं. तीन-तीन ओळींची चार कडवी, दर ओळीत एक पदार्थ आणि एक हॉटेल. जी कविता घड्याळापासून निघाली तिच्यात न्याहारीचे बारा आकडे असावेत, हा योगायोग असेलही. मला तो आवडतो. आणि या बाराही ओळींना मधोमध जोडणारा शब्द एकच, इंग्रजीतला छोटासा 'ॲट'. त्याच्यावर बोलताना जोर येत नाही, तो पटकन गिळला जातो, पण शेवटचा 'ट' तेवढा वाजतो. बारा ओळींत बारा 'ट'. घड्याळाची टिकटिक ऐकू येते म्हटलं तर जरा ताणल्यासारखं होईल, पण एकदा ऐकू आली की मग जात नाही.

यमक नाही, पण नाद भरपूर आहे. नल्ली-निहारी ज्या हॉटेलात मिळते त्याच्या नावाचा पहिला शब्दही 'न'नेच सुरू होतो. एका ओळीत तीन 'न'. जीभ दातांच्या मागे तीनदा टेकते, मऊ. हा पदार्थही तसाच, रात्रभर शिजून मऊ झालेला. त्याच्या लगेच खाली बैदा घोटाळा. तिथे 'घ' आहे, 'ट' आहे, 'ळ' आहे, सगळं कसं खडबडीत, कालथ्याने तव्यावर अंडी फोडून खरवडल्यासारखं. इंग्रज वाचक हे अक्षरांवरून वाचतो. त्याच्या तोंडात 'घ' नाही आणि 'ळ' तर नाहीच. आपल्याला मात्र आवाजही पुरा ऐकू येतो आणि विनोदही कळतो, कारण आपल्याकडे घोटाळा तव्यावर होतो तसा टेंडरमध्येही होतो. इंग्रजी कविता इंग्रजांपेक्षा आपल्याला जास्त ऐकू यावी, असा प्रसंग रोज येत नाही. तो का सोडायचा?

शब्द कुठकुठून आलेत तेही बघा. 'पाव' पोर्तुगीजांबरोबर आला. 'गोश्त' फारसी. 'बैदा'च्या मुळाशी अरबी आहे. 'उपमा' दाक्षिणात्य. आणि सर्वांत शेवटी, 'आणि' घालून, तळलेली अंडी व बेकन, तेही खुद्द वेसाइड इनचं, म्हणजे ज्या टेबलावर कवी बसायचा तिथलं. अख्खं शहर फिरून यादी कवीच्या खुर्चीशी येऊन थांबते. हा क्रम कॅलेंडरने लावलेला नाही.

ओळींची लांबीही सारखी नाही. मांसाहारी हॉटेलांच्या मधल्या ओळी दहा-अकरा उच्चारांपर्यंत ऐसपैस पसरतात. उपम्याची ओळ त्यांच्या जवळजवळ निम्म्याने आखूड. का? माझं मत असं, की निहारी बसून खायची चीज आहे आणि उपमा ही ऑफिस गाठायच्या आधी उभ्याने उरकायची. ओळ वाचायला लागणारा वेळ आणि पदार्थ खायला लागणारा वेळ यांचा अंदाजे मेळ बसतो. आमच्यातल्या एकाने लगेच शंका काढली की आब-गोश्तची ओळही आखूडच आहे, मग? बरोबर आहे. सगळे पॉइंट एका रेषेत येत नाहीत. प्रॅक्टिकलला तरी कुठे येतात? पण तिथे जसं आपण चौघांत मिळून रीडिंग 'जुळवतो' तसं इथे करायची गरज नाही. ओळी आखडतात आणि पसरतात, आणि त्याने यादी श्वास घेत राहते, एवढं नक्की.

मी एक उद्योग करून पाहिला. ही बारा ओळींची यादी मराठीत आणायला बसलो. आधी वाटलं यात काय आहे, सगळे शब्द आपलेच. अडलं ते त्या 'ॲट'पाशी. मराठीत त्याला स्वतंत्र शब्दच नाही, प्रत्यय आहे, आणि तो नावाच्या शेपटाला लागतो. अमक्याला, तमक्याला. आपण सहज बोलताना हॉटेल आधी सांगतो आणि पदार्थ नंतर : स्टेशनजवळच्या इराण्याकडे ब्रून मस्का. म्हणजे मराठी ओळ पदार्थावर येऊन संपते. आधी पोचायचं, मग खायचं. कोलटकरांची इंग्रजी ओळ पदार्थापासून निघते आणि पत्त्यावर संपते. आधी घास, मग चालणं, आणि त्या पत्त्यापासून पुढच्या ओळीतल्या घासाकडे. शब्दांचा क्रम बदलला की वाचकाचे पाय उलट्या दिशेने चालायला लागतात. अर्थ तोच. म्हटलं, ठीक, मराठीत क्रम उलटा करता येतो, 'खिमा-पाव अमक्या हॉटेलला' असं करू. केलं. आणि बाराही ओळींच्या शेवटी 'ला, ला, ला' सुरू झालं. इंग्रजीत जो शब्द ओळीच्या पोटात लपून काम करत होता तो मराठीत शेवटी येऊन वाजायला लागला, आणि सगळं बडबडगीत झालं. शेवटी काही ठिकाणी 'ला', काही ठिकाणी 'त', काही ठिकाणी 'कडे' असं करून निभावलं, तर टिकटिक गेली. तेव्हापासून 'यादीला काय अक्कल लागते' असं कुणी म्हणालं की मी त्याला हा उद्योग देतो. दोन तास आरामात जातात.

आपल्याकडे खाण्याशी जोडलेली कविता याआधीही कामाच्या ठेक्यावरच चालत आलेली आहे. जात्यावरच्या ओव्या हे ठळक उदाहरण. जात्याचा खुंटा हाताने ओढत न्यायचा, फेरा पुरा करायचा, आणि ओवी त्या फेऱ्यात बसवायची. तो ठेका पीठ दळणाऱ्या बाईच्या दंडातून आलेला आहे. कोलटकरांच्या यादीचा ठेका दळणाऱ्याचा नाही, वाढणाऱ्याचा आहे. गर्दीच्या वेळी हॉटेलात वेटर ऑर्डर ओरडतो ना, दोन इडली, एक उपमा, दोन कटिंग, तसा. तिथे क्रियापद लागत नाही. 'द्या' म्हणायला वेळ कुणाला आहे?

पण ही यादी म्हणजे सगळी कविता नव्हे, आणि मला जे म्हणायचंय ते खरं पुढेच आहे.

कवितेच्या मध्यभागी ही बारा हॉटेलं नाहीतच. तिथे एक इडलीवाली बाई आहे. ती इडल्यांनी भरलेला मोठा डबा घेऊन काळा घोड्याच्या चौकात येते, बसते, झाकण काढते. आणि आजूबाजूच्या फुटपाथवर राहणारी माणसं गोळा होतात. ज्यांना त्या बारा दारांपैकी एकाही दारातून आत कुणी घेणार नाही, अशी माणसं. खातात. डबा रिकामा होतो, बाई उठते, चौक पुन्हा नुसता चौक होतो. कोलटकर याच्यावर गळा काढत नाहीत. दया नाही, संताप नाही, उलट भरपूर मिश्कीलपणा आहे.

आता पुन्हा तो 'ॲट' आठवा. हॉटेलांच्या यादीत प्रत्येक पदार्थाला पत्ता आहे. या इडलीला पत्ता कुठला देणार? ती ना कुठल्या हॉटेलची ना कुठल्या गल्लीची, रस्त्याच्या मधल्या मोकळ्या तुकड्यावरची. पण पुस्तक मागे उलटवून कवितेचं नाव वाचा. ब्रेकफास्ट टाइम ॲट काळा घोडा. ज्या दोन अक्षरी शब्दाने बारा हॉटेलांना पत्ता दिला, त्याच शब्दाने शीर्षकात त्या चौकालाही दिला. उघड्यावरची इडली व्याकरणाच्या दृष्टीने वेसाइड इनच्या शेजारी, एकाच रांगेत जाऊन बसली. 'गरिबांनाही सन्मानाने खायचा हक्क आहे' असं एक वाक्य कवितेत नाही. एका फुटकळ शब्दयोगी शब्दावर ते काम झालं. हे मला कळलं तेव्हा मी जिन्यात बसून एकटाच हसलो होतो.

याला मी आवाजाने भार उचलणं म्हणतो.

शाळेत आपण रसग्रहण लिहायचो. 'प्रस्तुत कवितेत कवीने' इथून सुरू करायचं, मध्यवर्ती कल्पना लिहायची, अलंकार ओळखायचा, 'भाषा साधी व ओघवती आहे' हे वाक्य टाकायचं आणि मार्क घ्यायचे. दहावीच्या गाइडात प्रत्येक कवितेची भाषा साधी व ओघवतीच असायची. पण ती कविता मोठ्याने वाचून बघ, ओळ इथेच का तुटली ते विचार, हा प्रश्न मला तरी दहा वर्षांत कुणी विचारला नाही. त्यामुळे होतं काय, की कवितेत आपल्याला फक्त आशय दिसतो. आशय उदात्त असला की कविता चांगली. मग खिमा-पावात कसला आलाय आशय? आपण रोज सर्किटमध्ये एक रेझिस्टर इकडचा तिकडे केला तर काय होतं ते तासभर मोजत बसतो. एक शब्द इकडचा तिकडे केला तर काय होतं हे मोजायला पाच मिनिटं काढायला काय हरकत आहे? उपकरणही लागत नाही, कान फुकट आहेत.

आता त्या परत गेलेल्या कवितेकडे. मुलाची परवानगी घेतलेली आहे. नाव देऊ नको म्हणाला.

त्याची कविता अशी आहे : मेसमध्ये दुपारी कुणाचं ताट किती वाजता वाढलं जातं, याची यादी. दर ओळीत एक माणूस आणि एक वेळ. लेक्चर लवकर सुटलेल्या एफ.ई.च्या पोराचं ताट. प्रॅक्टिकलवरून पळून आलेल्याचं. गावाहून आलेल्या कुणाच्या तरी वडिलांचं, कूपन हातात धरून. तापाने पडलेल्याचं, दुसरं ताट पालथं झाकून रूमवर नेलेलं. शेवटचं ताट भांडी घासणाऱ्या मावशींचं. त्या जेवतात तेव्हा बाकं पुसून झालेली असतात, म्हणून त्या बाकावर बसत नाहीत, पालथ्या घातलेल्या भाजीच्या क्रेटवर बसतात. हे त्याने तीन शब्दांत आटपलंय : मावशींचं ताट, साडेतीन.

मंडळाचं म्हणणं, वृत्त नाही. मी त्या वेळा मोजल्या. सव्वाबारा : आठ मात्रा. साडेबारा : आठ. पावणेएक : तेही आठ. त्याने मोजून लिहिलं होतं का, मी विचारलं. नाही म्हणाला, 'तसंच बरं वाटलं.' म्हणजे कानाने मोजलं होतं. मग पुढच्या ओळीला 'दीड', नुसता तीन मात्रांचा तुकडा, धाडकन. मेसचं दार बंद व्हायची तीच वेळ. त्यानंतर त्याने एक ओळ कोरी सोडली आहे. आमच्यातल्या एकाने तिथे 'जागा वाया घालवू नये' असं लिहिलं. अहो, ती जागा म्हणजे दोन तास आहेत! दीड ते साडेतीन. मावशींनी तेवढा वेळ आपली सगळ्यांची ताटं घासली. ती ओळ मोठ्याने वाचायची असेल तर गप्प बसूनच वाचावी लागते. आणि मग 'साडेतीन' येतं, मात्रा सात. आठाला एक कमी.

याला यादी म्हणा, माझी हरकत नाही.

कविता निर्दोष आहे असं मात्र नाही, आणि ते त्याला तोंडावर सांगितलंय. प्रत्येक ओळीत 'चं ताट', 'चं ताट' येतं, आणि माझ्या 'ला, ला' सारखाच तिथे बडबडगीताचा धोका आहे. पाचव्या-सहाव्या ओळीनंतर 'ताट' हा शब्द गाळला तरी वाचक तो मनात वाढून घेईल. वडिलांच्या ओळीत 'थकलेले' हे विशेषण आहे, ते नको. हातातलं कूपन पुरेसं थकलेलं आहे. आणि सगळ्यात मोठी अडचण शेवटी आहे. 'साडेतीन'च्या खाली त्याने आणखी दोन ओळी जोडल्यात, अन्न शिजवणाऱ्या हातांच्या ऋणाविषयी. त्या दोन ओळींना यमक आहे, बरं का. मंडळाला पूर्ण कवितेत आवडल्या त्या तेवढ्याच. मला विचाराल तर रसग्रहणाची सवय तिथे येऊन बसली आहे. कोलटकरांची इडलीवाली डबा उचलून निघून जाते आणि मागे कुणी आभार मानत उभं राहत नाही. मावशीही 'साडेतीन'वर हात धुवून उठल्या असत्या, तर बरं झालं असतं.

एक ओळ काढायला तो तयार झालाय. दुसरी काढणार नाही म्हणतो, कारण ती त्याने मावशींना वाचून दाखवली होती आणि त्यांना ती आवडली होती. यावर माझ्याकडे अजून तरी उत्तर नाही. रोज रात्री मेसमध्ये आमचं त्याच्यावरून भांडण चालू असतं.